पोलीस दलात व्यवसाय-आरोग्य परिचारिका हवी का, आणि तिची फाइल कोणी वाचायची?

प्रस्ताव : चाकणच्या एका कारखान्यातील परिचारिका

वाहन कारखान्याच्या आरोग्य केंद्रात व्यवसाय-आरोग्य परिचारिका म्हणून माझे काम ताप पाहण्यापुरते आणि पट्टी बांधण्यापुरते नसते. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रे दाबून भाग घडवणाऱ्या गोंगाटाच्या विभागातल्या, कामगारांची श्रवणचाचणी ठरल्या वेळी करून ती मागच्या आलेखाशी ताडून पाहणे, एकाच लाइनवरून पाठदुखीच्या तक्रारी वाढल्या की त्या लाइनच्या मांडणीबद्दल व्यवस्थापकाला लेखी कळवणे, इन्सुलिन घेणाऱ्याला कोणती पाळी झेपेल ते सांगणे, हे खरे काम आहे. कामाने माणसाला काय होते आणि आजारी माणसाला कोणते काम देता येईल, हे दोनच प्रश्न आम्ही रोज सोडवत असतो.

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 45 ने 500 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपचारकक्ष आणि परिचर्येची सोय सक्तीची केली. त्याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरला. विसर्जनाच्या रात्री ध्वनिवर्धकांच्या भिंतीशेजारी उभा असलेला शिपाई मात्र या व्यवस्थेत कधी आलाच नाही. बंदोबस्तावर स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणारी महिला अंमलदार, बारा तास उभे राहून पायांच्या शिरा फुगलेला वाहतूक हवालदार, जेवणाची वेळ हुकली म्हणून गोळीही हुकवणारा ठाणे अंमलदार, या सगळ्यांचे आजार आपण ज्याच्या त्याच्या प्रकृतीवर ढकलतो.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक आयुक्तालयात आणि जिल्हा मुख्यालयात व्यवसाय-आरोग्य परिचारिकेचे पद निर्माण करावे, ते रुग्णालयाच्या वॉर्डापासून वेगळे ठेवावे, आणि तिच्याकडच्या नोंदी घटकप्रमुखाला, म्हणजे आयुक्त किंवा अधीक्षकांना, पाहता येणार नाहीत असे नियमातच लिहावे. या तिसऱ्या अटीवाचून पहिल्या दोन फुकट आहेत असे माझे मत आहे.

प्रतिसाद 1 : निवृत्त पोलीस निरीक्षक, नाशिक

ताई, आपला हेतू चांगला आहे, परंतु पोलीस ठाणे हा कारखाना नव्हे. आपल्या कामगाराच्या हातात पाना असतो; माझ्या माणसाच्या कमरेला पिस्तूल असते आणि ते त्याच्या हाती देणाऱ्या नोंदवहीवर सही माझी असते. तो झोपेच्या गोळ्या घेतो की नाही, त्याला फिट येते की नाही, हे मला कळू द्यायचे नाही आणि उद्या काही विपरीत घडले तर खुलासा मात्र माझ्याकडून मागायचा, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते? शिवाय सिकमध्ये, म्हणजे आजारपणाच्या रजेवर, जाणाऱ्यांपैकी काहींचे दुखणे बंदोबस्ताची यादी लागल्यावरच उद्भवते, हे ज्याने ठाणे चालवले आहे तो नाकारणार नाही. गोपनीयतेची भिंत उभी केली की तिच्या आड पहिल्यांदा हेच लोक जाऊन बसतील आणि त्यांची ड्यूटी प्रामाणिक माणसाच्या गळ्यात पडेल.

दुसरे असे की गणवेशाच्या दलात अधिकारपदाशिवाय शब्दाला वजन येत नाही. परिचारिकेने लिहिले की अमुक हवालदाराला रात्रपाळी नको, तर ड्यूट्या लावणारा हजेरी मेजर तो कागद फाइलला लावील आणि संध्याकाळी त्याच हवालदाराला नाकाबंदीवर पाठवील. मनुष्यबळ कमी आहे. ते वाढल्याशिवाय असे सल्ले कागदावरच राहणार.

प्रतिसाद 2 : महिला पोलीस अंमलदार

निरीक्षक साहेबांचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. पहिला मान्य नाही. साहेब, माहिती आजही तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण आम्ही ती लपवतो. रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातून न घेता घराजवळच्या डॉक्टरांकडून पदरचे पैसे घालून घेणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्याचे कारण एकच, की दवाखान्यातला कागद मुख्यालयातल्या कोणत्या टेबलावर जाईल याचा भरवसा नाही. मनाच्या आजाराबद्दल तर बोलायलाच नको. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेल्याचे कळले की माणसाला शस्त्राची ड्यूटी मिळत नाही, मग टपाल नेण्याचे काम मिळते, आणि मग टोपणनाव मिळते.

तरीही एक शंका आहे. तंदुरुस्तीसाठी दरमहा 250 रुपयांचा भत्ता आहे आणि त्यासाठी उंचीच्या मानाने वजन मोजले जाते. उद्या हेच मोजमाप नव्या परिचारिकेकडे दिले, तर भत्ता मंजूर करणारी बाई आणि मनातले सांगावे अशी बाई एकच होईल. असे झाले तर तिच्याशी खरे कोणी बोलणार नाही.

प्रतिसाद 3 : वैद्यकीय अधिकारी

नवे पद कशासाठी, हे मला समजलेले नाही. मुंबईत नागपाड्याला पोलीस रुग्णालय आहे, जिल्ह्यांत मुख्यालयाचे दवाखाने आहेत, गंभीर आजारांसाठी महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहे. आहे ती पदे भरा, तपासण्या नियमित करा. व्यवसाय-आरोग्याचे शास्त्र लागतेच असेल, तर शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम चालतो; पोलीस दवाखान्यांतील डॉक्टरांना तो करू द्यावा. परिचारिकेने निदान करायचे नाही, औषध लिहायचे नाही, मग ती नेमके करणार काय?

प्रतिसाद 4 : ब्रिटनमधील एका पोलीस दलात काम करणारी परिचारिका (मूळ सांगली)

डॉक्टर साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या रोजच्या कामातून देते. शस्त्रधारी पथकातील अधिकाऱ्यांची श्रवणचाचणी, दृष्टी आणि रक्तदाब पाहणे. झडतीत सुई टोचली किंवा कोणी चावले तर पुढची पावले ठरवणे आणि त्याआधीच हिपॅटायटिस-बी ची लस देऊन ठेवणे. बालकांवरील अत्याचाराची चित्रे तपासणाऱ्या पथकाशी ठरावीक अंतराने बोलणे. दीर्घ रजेवरून परतणाऱ्याला पहिले काही आठवडे किती तास आणि कोणते काम द्यावे ते सुचवणे. यात निदान फार थोडे आहे. बराचसा वेळ माणसाचे काम समजून घेण्यात जातो, आणि तो वेळ दवाखान्यातल्या डॉक्टरकडे नसतो.

इथेही हे आपोआप आले नाही. 1974 चा कार्यस्थळ सुरक्षा कायदा कर्मचाऱ्यांसाठी होता आणि इथला पोलीस अधिकारी कायद्याने कर्मचारी नसून पदधारक मानला जातो. त्यामुळे त्याला त्या कायद्याचे संरक्षण देण्यासाठी 1997 मध्ये वेगळा कायदा करावा लागला.

आता निरीक्षक साहेबांच्या पिस्तुलाकडे येते. वरिष्ठाला माझ्याकडून आजाराचे नाव जात नाही; तो माणूस कामास योग्य आहे, काही बदलांसह योग्य आहे किंवा सध्या योग्य नाही, एवढेच जाते, तेही त्याच्या संमतीने आणि बहुधा त्याने आधी वाचल्यावर. परंतु त्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका आहे असे दिसले, तर संमतीवाचूनही कळवावे लागते. मग शस्त्र तात्पुरते काढून घेतले जाते आणि कारण मात्र माझ्याच नोंदीत राहते. सही करणाऱ्याला पिस्तूल द्यायचे की नाही याचे उत्तर हवे असते. ते त्याला मिळते.

इथले सगळे गोड आहे असे नाही. भेटीसाठी थांबावे लागते, आणि काही वरिष्ठ शिस्तीचा प्रश्न आजाराच्या नावाखाली आमच्याकडे ढकलून मोकळे होतात. तो कागद मी परत पाठवते.

प्रतिसाद 5 : निवृत्त पोलीस निरीक्षक, नाशिक

शस्त्राबाबत जे सांगितले ते पटण्यासारखे आहे, हे मान्य करतो. सध्या योग्य नाही एवढा एक ओळीचा कागद वेळेवर मिळाला असता तर माझ्या सेवेत काही निर्णय मी वेगळे घेतले असते. पण ब्रिटनची उदाहरणे देताना तिथले आणि इथले बळ पाहा. आमच्याकडे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग झाला, 2021 मध्ये महासंचालक संजय पांडे यांनी महिलांसाठी आठ तास जाहीर केले. सण, सभा आणि दौरे आले की आठाचे बारा कसे होतात हे वरच्या भगिनीच सांगतील. बदली माणूसच नसेल तर काही बदलांसह योग्य या शेऱ्याचे ठाणेदाराने काय करायचे?

प्रतिसाद 6 : चाकणच्या कारखान्यातील परिचारिका

साहेब, तो शेरा जमा करायचा. एका ठाण्यातून महिन्याला असे किती शेरे निघाले, त्यांतले किती पाळता आले आणि किती नाही, याचा नावे वगळलेला तक्ता दर तिमाहीला महासंचालक कार्यालयाकडे गेला पाहिजे. मनुष्यबळ कमी आहे ही तक्रार आज आपण तोंडी करता. तेव्हा ती आकड्यांसह लेखी जाईल. एप्रिल 2020 मध्ये मुंबईत 55 वर्षांवरील पोलिसांना, आणि आधीचे आजार असलेल्या 52 वर्षांवरील पोलिसांना, घरी थांबण्यास सांगितले गेले. कोणाला कोणता आजार आहे याची विश्वासाने दिलेली नोंद आधीपासून असती, तर चाळिशीतला मधुमेही शिपाईही त्या वेळी नजरेतून सुटला नसता.

भत्त्याचे वजन परिचारिकेने करू नये, ही अंमलदार ताईंची सूचना मी प्रस्तावात घालते. डॉक्टर साहेब, रिक्त पदे भरलीच पाहिजेत. पण दवाखान्यात येतो तो आजारी पडलेला, आणि मला पोहोचायचे आहे ते अजून न पडलेल्यापर्यंत.

नियमात लिहिण्याचा आग्रह मी का धरते, तेही सांगते. कारखान्यात माझ्यावर दबाव आला तर कामगार संघटना विचारायला येते. पोलिसांच्या संघटनेवर 1966 च्या अधिनियमाने निर्बंध आहेत, त्यामुळे तिथे परिचारिकेच्या पाठीशी कोणी उभे राहणार नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 चे कलम 23 गोपनीयतेचा हक्क देते, पण तो मानसिक आजारापुरता आहे, आणि तो बजावायला अधीक्षकांच्या दालनात कोणता शिपाई जाईल?

प्रतिसाद 7 : महिला पोलीस अंमलदार

कोणी जाणार नाही. म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सुचवते. परिचारिकेला भेटायला जाताना ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून जावे लागले, तर अर्ध्या तासात ठाण्याला कळेल. भेटीची वेळ सगळ्यांना पाळीपाळीने लागू करा, साहेबांसह. म्हणजे कोण स्वतःहून गेले आणि कोण पाळीने गेले ते ओळखू येणार नाही. आणि तिची खोली मुख्यालयात हजेरी कार्यालयाच्या शेजारी देऊ नका. आमच्याकडे समुपदेशनाची खोली नेमकी तिथेच होती.