मदत हवी आहे : डिप्लोमाच्या मुलांच्या सराव मुलाखती घ्यायला

नमस्कार मंडळी. ऐरोली-घणसोली भागातल्या इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी रविवारी सकाळी सराव मुलाखती घेतो आहोत. महापे, रबाळे, वागळे इस्टेट इथे प्लांटमध्ये काम केलेली माणसं प्रश्न विचारायला हवी आहेत. एका मुलाला २० मिनिटं : १२ मिनिटं प्रश्न, ८ मिनिटं चुका समजावून सांगायला. ही ८ मिनिटं कृपया कापू नका, खरा उपयोग तिथेच होतो.

मुलं अडतात ती दुसऱ्या प्रश्नावर. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी 'स्टार' जोडणीत चालू करून मग 'डेल्टा' जोडणीत नेणारं उपकरण) कशासाठी? 'सुरुवातीचा करंट कमी करायला,' हे पाठ असतं. किती कमी? लाइन करंट (पुरवठ्यातून घेतला जाणारा) थेट डेल्टात चालू केल्यावर येतो त्याच्या एक-तृतीयांश. मग टॉर्कचं, म्हणजे फिरवण्याच्या जोराचं काय? तोही एक-तृतीयांशच, म्हणून जड भार जोडलेला असेल तर मोटर उचलत नाही. इथे शांतता पसरते, कारण व्याख्या पाठ केलेली असते, मोटर चालू होताना पाहिलेली नसते. व्हर्नियर (बारीक मापं घेण्याचं साधन) हातात दिला की त्याचं सर्वात लहान माप ०.०२ मिमी हे लगेच सांगतात, पण शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावर तो शून्यच दाखवतो का, हे तपासत नाहीत. प्रोजेक्टचंही तसंच : चौघांनी मिळून केला, त्यात तुझं काम कोणतं, हे नेमकं सांगता येत नाही.

एक अडचण सुटत नाहीये. उत्तर मराठीत नीट येतं, इंग्रजीत तोच मुलगा गप्प होतो. आधी मराठीत उत्तर पक्कं करून मग तेच इंग्रजीत चार छोट्या वाक्यांत बोलायला लावावं, की पहिल्यापासून इंग्रजीच? ज्यांनी भरतीच्या मुलाखती घेतल्या आहेत, त्यांनी जरूर सांगा.