छोट्या कंपनीचं मँडोलिन मागवावं का? सांगली-मिरजेकडच्यांनी सांगा

कृष्णाकाठचा_सूर
नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहतो, ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवतो, लग्नं, गणपती, नवरात्र असलं सगळं. आत्ताचं वाद्य दुकानातनं घेतलेलं, वरची फळी प्लायवूडची, आणि बाराव्या पडद्याच्या (दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या) पुढं गेलं की सूर चढतो. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला मँडोलिन असंच असतंय. आता जरा बरं घ्यावं म्हणून पैसे बाजूला काढलेत. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो तिकडं पाच-सात माणसांच्या छोट्या कंपन्या आहेत, मेल टाकली की मालकच उत्तर देतो. मग त्याच्याकडनंच लिहून घेऊन मेल टाकली तर खरंच उत्तर आलं, आणि किंमत सांगायच्या आधी मलाच प्रश्न, की काय वाजवता, तार छेडायचं पिक जाड का पातळ, माइकवर का नुसतं, तुमच्याकडं पावसाळ्यात हवा किती दमट असते वगैरे. बरं वाटलं पण शंका पण आली, ही विकायचीच पद्धत नसंल ना? ॲडव्हान्स आधी द्यायचा आणि मग काही महिने थांबायचं. एवढ्या लांबच्या छोट्या कंपनीवर भरवसा ठेवावा का मिरजेतच कुणाकडनं बनवून घ्यावं? अनुभव असेल त्यांनीच लिहा, 'ऑनलाइन मागव की' असले सल्ले नकोत.

तरफवाला_मिरज
दादा, मिरजेत बनवून घेऊ नका, मिरजेत दुरुस्त करून घ्या. आमच्या घरात सतार-तंबोऱ्याचं काम आहे म्हणून सांगतो. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सूर हलला तर सरकवता येतात. मँडोलिनचे पडदे दांडीत ठोकलेले, तिथं केसभर चुकलं तर जन्मभर चुकलं. ते मापाचं काम वेगळं, कोरलेल्या स्प्रूसच्या (देवदारासारख्या लाकडाच्या) फळीचं काम वेगळं, आमचा हात भोपळ्यावर आणि तुणाच्या लाकडावर बसलेला.

पण तुम्हाला आलेल्या प्रश्नांबद्दल सांगतो, शंका घेऊ नका. आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की हेच विचारतात, आवाज गोल पाहिजे का खुला, बैठकीला वाजवणार का गाण्यामागं तंबोरा पाहिजे. मिरजेत हे १८५० च्या आसपास फरीदसाहेबांपासनं चाललंय, मूळचे शिकलगार, हत्यारांना पाणी देणारे. २०२४ ला सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे त्या गावचाच माल अशी सरकारी नोंद पण मिळाली. आणि सतार विकली म्हणजे व्यवहार संपला असं नसतंच, वाजवून वाजवून घोडीवर तारांच्या खाचा पडतात, जवारी, म्हणजे घोडी घासून आणलेली आवाजातली झणझण उतरते, मग वाद्य घेऊन परत यावंच लागतं. एका गायकाच्या घरचे तंबोरे पुढच्या पिढीतली माणसं त्याच कारागिराच्या घरी आणतात, कारण जवारी कशी लागते हे त्या घरालाच माहीत. गिऱ्हाईक सांभाळायचं म्हणून काही वेगळं करावं लागत नाही.

आता तुमच्या जुन्या वाद्याचं. मँडोलिनचा ब्रिज, म्हणजे घोडी, चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानं उभा असतो. बाराव्या पडद्यावर तारेला नुसतं बोट टेकवून निघणारा हार्मोनिक आणि तिथंच दाबून येणारा सूर, दोन्ही ट्यूनरवर बघा. दाबलेला सूर चढा येत असेल तर ब्रिज जरासा टेलपीसकडं, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिकडं सरकवा. तारा थोड्या ढिल्या करून सरकवा, पण सगळ्या एकदम काढू नका, ब्रिज जागेवरनं निघतो. बहुतेक तेवढंच असेल, दुकानदाराला येत नसेल.

अजिंक्यतारा_७७
मी साताऱ्याचा. वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. छोटी कंपनी म्हणजे माणसं, आणि माणसं जागा बदलतात. फ्लॅटआयरन नावाची अमेरिकेतल्या मोंटानातली मँडोलिन कंपनी होती, १९८७ ला गिब्सन या मोठ्या वाद्य कंपनीनं विकत घेतली, नंतर काम नॅशव्हिलला हलवायचं ठरलं तेव्हा ब्रूस वेबर आणि काही कारागीर म्हणाले आम्ही नाही येत, आणि तिथंच राहून वेबर नावानं मँडोलिनं बनवायला लागले. म्हणजे पाटी गेली पण हात राहिले. पुढं २०१२ ला वेबर पण विकली गेली आणि ओरेगॉनला हलली. त्यामुळं विचारून घ्या की वॉरंटी नक्की कोण देणार, आणि फक्त पहिल्या मालकाला आहे का. बऱ्याच ठिकाणी तसंच असतं, मग जुनं वाद्य विकताना किंमत पडते.

बाकी माणसाचं महत्त्व कमी नाही म्हणत मी. गिब्सनमध्ये १९२२ ते २४ च्या दरम्यान लॉइड लोअरनं तपासून लेबलवर तारीख घालून सही केलेली एफ-५ मॉडेलची मँडोलिनं आज लोक कुठल्या कुठं जाऊन शोधतात. कंपनी तीच, पण त्या सहीचे पैसे.

जाऊदे_की_राव
सगळे भावनेत वाहायला लागले. मालक स्वतः मेल करतो हे भारी आहे, पण मालकच सुतारकाम करणार, मालकच पॅकिंग करणार आणि मालकच आजारी पडणार, मग तुमचं वाद्य कोण करणार? मी एका छोट्या वर्कशॉपकडं गिटार सांगितली होती, नाव घेत नाही, ॲडव्हान्स देईपर्यंत रोज फोटो, लाकूड दाखवतोय, आज दांडी कोरली, दादा दादा. नंतर फोन उचलायचं बंद. गिटार शेवटी मिळाली आणि चांगली पण आहे, पण तोवरचा मनस्ताप कोण भरून देणार.

म्हणून लिहून घ्या. कधी देणार, उशीर झाला तर ॲडव्हान्स परत का नाही, कुरिअरमध्ये दांडी मोडली तर कुणाच्या खिशातनं. कस्टम ड्युटीचा हिशेब आधी करा, ती पण अंगावर येते. आणि दुरुस्तीला परत अमेरिकेला पाठवणार का? दोन्हीकडचं कुरिअर धरा मग कळंल.

कृष्णाकाठचा_सूर
सगळ्यांचे आभार. तरफवाला भाऊ, ब्रिज सरकवला, फरक लगेच कळला, अजून पूर्ण नाही पण स्टेजवर लाज जात नाही आता. त्या दुकानदाराला जाऊन दाखवणार आहे.

आणि जाऊदे भाऊंचे प्रश्न जसेच्या तसे मेल केले. उत्तर लांबलचक आलं. उशीर झाला तर पैसे परत, हे लिहून दिलं. वॉरंटी त्यांचीच, पण पहिल्या मालकापुरती, अजिंक्यतारा म्हणाले तसंच. पण पुढं काय लिहिलंय बघा, तुम्ही नेहमी मोठ्या स्पीकरांपुढं वाजवत असाल तर आमचं कोरलेलं मँडोलिन घेऊ नका, फीडबॅक घेईल, म्हणजे स्पीकरचा आवाज वाद्यात परत शिरून शिट्टी वाजेल, त्या पैशात तुमच्याकडंच इलेक्ट्रिक मँडोलिन बघा. आपलाच माल नको म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आता उलटं झालंय, त्याच्याकडनंच घ्यावंसं वाटायला लागलंय.

अजिंक्यतारा_७७
बरोबर सांगितलंय त्यानं. यू. श्रीनिवास यांनी कर्नाटक संगीत वाजवलं ते इलेक्ट्रिक मँडोलिनवरच, जोडीच्या आठ तारा सोडून एकेरी पाच तारा लावून. स्टेजला इलेक्ट्रिक घ्या, घरी बसून वाजवायला ते कोरलेलं नंतर घ्या.

जाऊदे_की_राव
हा माणूस बरा दिसतोय. तरी ॲडव्हान्स कमीत कमी द्या.

कृष्णाकाठचा_सूर
देतो कमीच. एक शेवटचं, मँडोलिनला लागणाऱ्या, टोकाला लूप (फास) असलेल्या तारा सांगलीत कुठं मिळत नाहीत, संपल्या की अडतंय.

तरफवाला_मिरज
गिटारच्या सुट्या तारा घ्या, जाडी बघून. टोकाला जी पितळी गोळी असते ती कटरनं फोडून काढायची, आतला लूप तसाच राहतो, तो टेलपीसच्या हुकात अडकवायचा. जपून, गोळी उडते, चष्मा घाला. नाहीतर शनिवारी दुकानी या, मी करून देतो, जुनं मँडोलिन पण घेऊन या, खाचा बघू.