मदत हवी आहे: अमळनेरहून हैदराबाद, ३ दिवस, सोबत गुडघेदुखीवाले दोघे

बोरीकाठ: राम राम मंडळी. डिसेंबरात सहा जण हैदराबादला निघतोय. दोन ज्येष्ठ (जिने जमत नाहीत), एक ९ वर्षांची मुलगी. मनमाडहून अजिंठा एक्स्प्रेस, शुक्रवारी सकाळी काचीगुडा (हैदराबादचं स्टेशन), रविवारी रात्री परत. पहिल्याच दिवशी चारमिनार, सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा उरकावं असा विचार आहे. जमेल का? मोती-बांगड्यांत फसवणूक कशी टाळायची?

पांझराकाठ: भाऊ, शुक्रवार तेवढा बदला. सालारजंग आणि चौमहल्ला दोन्ही शुक्रवारी बंद असतात. चारमिनारला लागूनच मक्का मशीद, दुपारच्या नमाजाला तिथे पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी गोवळकोंडा करा, तो उघडा असतो. जुनं शहर शनिवारी.

गोवळकोंड्याला ९ च्या ठोक्याला दारात हवं. वर बाला हिसारपर्यंत (किल्ल्याचा माथा) साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत, ज्येष्ठांना चढवू नका. त्यांना खालीच काम द्या: तिकीट दाखवून आत शिरताना जो घुमटाचा दरवाजा लागतो, तिथे टाळी वाजवायची. मुलगी वर पोचली की फोन करायचा, खालून टाळी, वर ऐकू येते. उशिरा गेलात तर शंभर जण एकदम टाळ्या पिटत असतात, मग कोणाची कोणती कळत नाही. पाणी खालूनच भरून न्या.

मेहरूणची बोरं: मनमाडबद्दल. धुळ्याहून एसटीने जाणार असाल तर वाटेत मालेगाव आहे, दोन तास हातचे ठेवा. जळगावकडून कोणी येणार असेल तर अजिंठ्याच्या रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला जाऊन तिथेच गाडी पकडणं सोपं. तिकीट मनमाडपासूनचं असेल तर बोर्डिंग स्टेशन आधीच बदलून घ्या. नाहीतर मनमाडला बर्थ रिकामा दिसला की टीसी दुसऱ्याला देऊन टाकतो.

जाता जाता एक: ही गाडी दौलताबादजवळून जाते. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ मध्ये किल्ला घेतल्यावर तिथेच कैदेत ठेवलं. म्हणून कुतुबशाही मकबऱ्यांत बाकीचे सुलतान आहेत, तो नाही.

बोरीकाठ: शुक्रवारचं कळलं, वाचवलंत. शनिवारी क्रम काय ठेवू? मेट्रो चारमिनारला जाते का?

पांझराकाठ: नाही. सगळ्यात जवळचं मेट्रो स्टेशन एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्थानक), तिथून रिक्षा. तुम्ही सहा जण, काचीगुड्याहून दोन रिक्षा करा, सरळ पडतं.

चारमिनार उघडताच (साडेनऊ) घ्या. वर जायला १४९ पायऱ्या, गोल, अरुंद, उंच. ज्येष्ठांनी खालूनच १५९१ चं चुन्याचं नक्षीकाम बघावं, ते जवळूनच छान दिसतं. मग चौमहल्ला: सगळं सपाट, झुंबरांच्या दरबारात बसायला सावली. सालारजंग दुपारी. तिथलं संगीत घड्याळ दर तासाला वाजतं, छोटा दाढीवाला बाहेर येऊन घंटा ठोकतो. पाच मिनिटं आधी गेलात तर लोकांची डोकीच दिसतील, पंधरा मिनिटं आधी पोरीला पुढे बसवा. संगमरवरी 'व्हेल्ड रिबेका' चुकवू नका, बुरखाही दगडाचाच आहे.

केळीबाग: ताईंसाठी बांगड्यांचं सांगते. चारमिनारजवळच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घ्या, पण माप पाठ करून जा: दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. काचेच्या बांगडीसारखी ओढून बसवायला गेलं की लाख तडकते. खडे नखाने हलवून बघा, एक हलला तर अख्खा डझन बदलून मागा. उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, लाख मऊ पडून एकमेकींना चिकटते.

मोती दोन एकमेकांवर हलकेच घासून बघा. खरा कुरकुरतो आणि पांढरी भुकटी सुटते, काचेचा गुळगुळीत घसरतो. माळेत दर मोत्यानंतर गाठ हवी, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे सांडत नाहीत.

आणि बिर्याणीसोबतच्या मिरची सालनला घाबरू नका. शेंगदाणा, तीळ, चिंच असतात त्यात, आपल्या शेवभाजीपुढे ते गरीबच. ज्येष्ठांना भाकरीच लागत असेल तर तेलुगू खानावळीत 'जोन्न रोट्टे' म्हणून मागा, ज्वारीचीच. भाव करताना 'नक्को' म्हटलंत तर लगेच कळतं, दखनी बोलीत तो शब्द आपलाच आहे.

बोरीकाठ: माप आत्ताच विचारून ठेवतो. दोन-सहा निघालं.