सुक्या शेंगा-बियांचे कृष्णधवल फोटो सपाट का येतात?

काटेसावर
नमस्कार मंडळी. बाभळीची शेंग, सागरगोटा, शेवग्याच्या पंखवाल्या बिया, गुंजा आणि पिंपळाचं जाळीदार पान अशा वस्तूंची दहा-बारा कृष्णधवल फोटोंची मालिका करायची आहे. साहित्य: २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी झूम लेन्स, ट्रायपॉड आणि पूर्वेची एक खिडकी.

अडचणी तीन. रंगीत असताना छान दिसणारा फोटो कृष्णधवल केला की वस्तू आणि कागद एकाच करड्यात मिसळतात. काळ्या चार्टपेपरवर ठेवलं तर कागद धुरकट येतो, वस्तू मात्र पांढरीफटक. आणि वस्तू बरोब्बर मध्ये ठेवली तर पाठ्यपुस्तकातली आकृती वाटते, कडेला ठेवली तर उगाच सरकवल्यासारखी. पहिली अडचण सॉफ्टवेअरमधले रंगांचे स्लायडर हलवून सुटेल का?

तिरपा_उजेड
गुंजेची सुटेल, बाकीच्यांची नाही.

लाल गुंज हिरव्या पानावर ठेवली की डोळ्याला फरक ठसठशीत दिसतो, पण दोन्ही रंगांची उजळता जवळपास सारखी असते, म्हणून रंग काढल्यावर दोन्ही एकच होतात. इथे लाल स्लायडर +३० ते +४० वर न्या. उलट दिशेला नेलात तर गुंज काळी होईल आणि तिचा तो काळा डोळा त्यात बुडेल. फार ताणू नका, कडेला पांढरी रेघ उमटते. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) हे काम जमतं, जेपेगवर लवकर चौकोनी ठिगळं दिसू लागतात.

बाभळीची शेंग आणि सागरगोटा मुळातच करडे. त्यांच्यात हलवायला रंगच नाही. तपकिरी कागदावरची तपकिरी बी घेतलीत तर नारिंगी-पिवळा स्लायडर दोघांना एकदमच वरखाली करेल. सुक्या वस्तूंना वेगळं काढायचं ते उजेडाने, आणि तेही शटर दाबण्याआधी.

खिडकी वस्तूच्या एका बाजूला, किंचित मागे घ्या. उजेड पृष्ठभागाला घासून गेला पाहिजे. बाभळीच्या शेंगेचा प्रत्येक मणी मग अर्धा उजळ, अर्धा गडद होतो आणि वरची लव दिसते. समोरून उजेड टाकलात तर तीच शेंग चिखलाची पट्टी दिसेल. सावलीची बाजू अगदीच बुडत असेल तर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा १५-२० सेंमीवर उभा करा. उलट पांढऱ्या कागदावर उजळ वस्तूची कड हरवत असेल तर त्या बाजूला काळा पुठ्ठा धरा, कडेला गडद रेघ येते. बहुतेक लोक थर्माकोलच वापरतात, पण या कामात काळा पुठ्ठा जास्त उपयोगी.

पूर्वेच्या खिडकीत सकाळचं थेट ऊन येतं. ते उतरेपर्यंत थांबा किंवा काचेवर बटर पेपर लावा. (पुस्तकांत उत्तरेची खिडकी सुचवतात, ती युरोपसाठी बरोबर आहे. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो.)

निमपारखी
दुसऱ्या अडचणीची कारणं दोन आहेत, ती वेगळी करा.

एक, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळ्या चौकटीला मधल्या करड्यावर आणू पाहतं. चौकट बहुतांश काळी असली की ते एक्स्पोजर वाढवतं, म्हणून कागद धुरकट आणि वस्तू पांढरीफटक. −१ ते −१.५ स्टॉप एक्स्पोजर भरपाई द्या (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पांढऱ्या कागदावर उलट, +१ ते +१.५. हिस्टोग्राममध्ये (उजळ-गडद भागांच्या आलेखात) वस्तूचा सर्वांत उजळ भाग उजव्या भिंतीला टेकायला नको.

दोन, चार्टपेपर काळा असला तरी त्याला चकाकी असते, आणि तिरपा उजेड नेमका तीच पकडतो. काळी मखमल घ्या. तिला धूळ आणि धागे फार चिकटतात, आधी पॅकिंगच्या चिकटपट्टीने टिपून काढा.

शिवाय प्रत्येक वस्तूला काळी पार्श्वभूमी हवीच कशाला? पांढराच कागद वस्तूच्या मागे चार-पाच फूट, खिडकीपासून लांब न्या; तो आपोआप करडा होतो, आणि वस्तूची उजळ आणि गडद अशा दोन्ही कडा त्यावर उठून दिसतात. जाळीदार पान मात्र थेट खिडकीच्या काचेवर चिकटवा, भरपाई +१.५. शेवग्याच्या बीला मागून उजेड द्या, पंख पेटल्यासारखे दिसतात.

काटेसावर
धन्यवाद. −१.३ वर मखमल खरोखर काळी आली. सागरगोट्यावर मात्र खिडकीचा पांढरा चौकोन उमटतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घ्यावा का?

तिरपा_उजेड
नको. चमक पूर्ण गेली की तो गोटा न दिसता चकती दिसेल. खिडकी आणि गोटा यांच्यामध्ये, गोट्यापासून वीतभर अंतरावर ट्रेसिंग पेपर उभा धरा. चौकोनाच्या कडा विरघळतात आणि गोलाई सांगणारी मऊ चमक राहते. बाजूची बारीक रेषांची नक्षीही तेव्हाच दिसते.

१९३० मध्ये अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने ढोबळी मिरचीचा तो प्रसिद्ध फोटो काढला तेव्हा ती पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूने परतलेला उजेड मिरचीला सगळीकडून वळसा घालतो. चकचकीत वस्तूंसाठी ही युक्ती स्वस्तात करून बघण्यासारखी आहे.

अर्धी_चौकट
तिसऱ्या अडचणीवर कोणी बोललं नाही. सावलीही आकारच आहे, हे तुम्ही धरलेलं नाही. शेंग मध्ये ठेवलीत आणि सावली उजवीकडे पडली तर एकूण वजन उजवीकडे झुकतं. शेंग आणि सावली मिळून एक आकार माना आणि तो बसवा. कॅमेऱ्याचा पडदा कृष्णधवल मोडवर ठेवून डोळे किलकिले केलेत की हे लगेच कळतं. रॉमध्ये रंग तसेच राहतात.

सागरगोट्याला दिशा नाही. तो चौरस चौकटीत मधोमध खुशाल ठेवा, वस्तू चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवायचा नियम विसरा. पिंपळपानाला शेपटीसारखं टोक आहे, नजर तिकडे जाते, म्हणून त्या बाजूला जागा जास्त सोडा. टोक चौकटीच्या कडेला जेमतेम टेकलेलं वाईट दिसतं: एकतर ठळक मोकळी जागा, नाहीतर सरळ कापा. बाभळीची शेंग कर्णावर आडवी टाकून दोन्ही टोकं कापली तरी ती बाभळीचीच राहते.

निमपारखी
मधोमध ठेवायला हरकत नाही, पण बाराच्या बारा फोटोंत नको.

लेन्सबद्दल राहिलं. १८-५५ ने ५५ वर अगदी जवळ गेलात तरी चौकटीची रुंदी सुमारे ७ सेंमी भरते. शेंगेचा तुकडा, पान, सागरगोटा ठीक. ६-७ मिमीची गुंज त्यात ठिपका. १० आणि १६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) एकत्र लावल्या की रुंदी ३ सेंमीच्या आसपास येते. इलेक्ट्रॉनिक जोडण्या असलेल्याच घ्या, नाहीतर अॅपर्चर (लेन्सचं छिद्र, एफ/ आकड्याने मोजतात) हाती राहत नाही.

ट्यूबशिवाय एफ/११ ला साधारण ५ मिमी खोली स्पष्ट येते. ट्यूब लावून एफ/८ ला जेमतेम १ मिमी. एफ/२२ वर जाऊन उपयोग नाही, सगळंच थोडं मऊ होतं. गुंजेसाठी फोकस पुढून मागे सरकवत ६-८ फोटो घ्या आणि जोडा. आयएसओ १००, २ सेकंदांचा टायमर. पंखा बंद. शटर पाव सेकंदाचं असेल तर शेवग्याची बी तेवढ्या झुळुकीनेही हलते. आणि आधी मऊ ब्रशने धूळ काढा. काळ्या मखमलीवरचा प्रत्येक कण नंतर एकेक पुसत बसावा लागतो.