दिल्ली-आग्रा-जयपूर चार दिवस: प्रायव्हेट गाइड घ्यावा की नुसती गाडी?

ठाणेकरीण

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिल्ली-आग्रा-जयपूर करायचं ठरलंय. आई (६७, गुडघे बोलतात), बाबा (७२, इतिहासाचं वेड, घरात पुस्तकं ठेवायला जागा नाही), मी आणि नवरा, शिवाय न्यू जर्सीहून दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, वय १० आणि १४. दादाकडच्या चौघांचीही ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतात ती) आहेत. म्हणजे आठ डोकी, बारा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर बघतोय.

आम्ही गुरुवारी रात्री दिल्लीत पोचतोय आणि सोमवारी रात्री जयपूरहून विमान. मधले चार दिवस काय ते बघायचं. एजंटने दोन पर्याय दिलेत, एक म्हणजे गाडी आणि चारही दिवस सोबत राहणारा एकच गाइड, आणि दुसरा नुसती गाडी-ड्रायव्हर, गाइड आपण जागेवर बघायचा. पहिला बराच महाग आहे. त्याने प्लॅन असा पाठवलाय: शुक्रवारी पहाटे दिल्लीहून निघून दुपारी ताज, शनिवारी आग्र्याचा किल्ला आणि फत्तेपूर सिक्री करून जयपूर, रविवारी जयपूर, सोमवारी परत दिल्लीला जाऊन लाल किल्ला वगैरे आणि तिथून विमान (मी जयपूरहून सांगितलं होतं, पण तो म्हणतो दिल्लीहून स्वस्त पडेल).

प्रश्न एकच, गाइडचे पैसे वसूल होतात का? आमचा मागचा अनुभव असा की गाइड दहा मिनिटं बोलतो आणि पन्नास मिनिटं दुकानात बसवतो. बाबा तर म्हणतात मलाच पैसे द्या, मी सांगतो.

मुक्काम_पोस्ट_दिल्ली

ताई, गाइडचं राहू द्या, आधी एजंट बदला. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो!! आणि लाल किल्ला सोमवारी बंद. ह्या माणसाने चार दिवसांत दोन्ही बंद दिवस बरोबर गाठलेत, हे मुद्दाम करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

असं करा. शुक्रवारी सकाळी लाल किल्ला, मग हुमायूनची कबर. कुतुबमिनार दुसऱ्या टोकाला आहे, माणसं दमली असतील तर सोडा. जेवून दुपारी यमुना एक्सप्रेसवेने आग्र्याला निघा, संध्याकाळपर्यंत आरामात पोचता. एक्सप्रेसवे १६५ किलोमीटरचा आहे पण दिल्लीतून बाहेर पडायलाच वेळ जातो तो धरा. पहाटे अजिबात निघू नका, त्या दिवसांत धुकं इतकं असतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, हिवाळ्यात म्हणूनच तिथली वेगमर्यादा पण कमी करतात. शनिवार पूर्ण आग्रा. रविवारी सिक्री बघून जयपूर, वाटेत थोडं आत वळून आभानेरीची चांद बावडी (पायऱ्यांची जुनी विहीर). सोमवारी जयपूर आणि तिथूनच विमान, दिल्लीला उलटं जायचं काही कारण नाही.

आणि ते 'सनराइज ताज' जे सगळे विकतात ना, ते फेब्रुवारी-मार्चमध्ये ठीक. डिसेंबरच्या शेवटी पहाटे पाच वाजता आईंना उठवून नेलंत तर पांढऱ्या धुक्यात पांढरा ताज, म्हणजे काहीच नाही. आमचे पाहुणे दीड तास उभे राहिले आणि शेवटी एक मिनार दिसला. दहाच्या सुमाराला जा, शनिवार म्हणून गर्दी असेल, ती सहन करा.

दादाकडच्या चौघांना सांगा ओसीआय कार्डं हातात ठेवा, ओसीआयवाल्यांना स्मारकांचं तिकीट भारतीयांच्याच दराने मिळतं. ताजला फरक मोठा आहे, आपल्याला ५० आणि परदेशी माणसाला ११००. मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर चढायचं तर वरचे २०० सगळ्यांनाच. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ऑनलाइन काढून ठेवा.

नाशिकची_मावशी

माझं मत, चारही दिवस एकच गाइड अजिबात नको. तो दिल्लीतला असला तर जयपूरला पाट्या वाचून सांगतो. जागेवरचा घ्या पण गेटवर गळ्यात पडणारा नाही. पर्यटन खात्याचं ओळखपत्र गळ्यात असतं, फोटो नीट बघायचा, लाजायचं नाही. आणि भाव ठरवतानाच सांगायचं की दुकानात जाणार नाही, दुकान वगळून किती घेणार ते बोल. हे वाक्य बोललं की निम्मे आपोआप गळतात, जे उरतात ते कामाचे.

आम्ही गेलो तेव्हा हे माहीत नव्हतं. 'सिर्फ देखने का, फॅक्टरी है, सरकारी है' म्हणत नेलं, चहा पाजला, एक म्हातारबाबा सहाणेवर दगड घासताना दाखवले, आणि तासाभराने मी बशीएवढी संगमरवरी तबकडी घेऊन बाहेर. घरी आल्यावर धाकट्याने नखाने ओरखडा काढला तर उठला! सोपस्टोन निघाला. संगमरवरावर नख चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. ती तबकडी अजून आहे, तिच्यावर कुंडी ठेवलीये.

पण खरं सांगू का, त्याच गाइडने एक गोष्ट अशी दाखवली की पैसे वसूल. इतिमादुद्दौलाच्या कबरीत (यमुनेच्या पलीकडे, नूरजहानने आपल्या वडिलांसाठी बांधलेली, ताजच्या आधीची) भिंतीतल्या एका लाल फुलाला त्याने मोबाइलचा टॉर्च अगदी टेकवला. ते अकीकचं फूल आतून निखाऱ्यासारखं पेटलं. बाजूची हिरवी पानं मात्र तशीच मठ्ठ. का, तर अकीकमधून उजेड आरपार जातो, त्या हिरव्या दगडातून जात नाही. मग मी सगळ्या भिंतीवर टॉर्च फिरवत बसले आणि आमचे हे बाहेर बाकावर झोपले. तिथे गर्दी नसते, दोन मिनिटं एका फुलासमोर उभं राहता येतं. ताजमध्ये मागून शिट्टी वाजते आणि चलो चलो.

घरचा_अभ्यास

गाइड नकोच. शाहजहानने कारागिरांचे हात तोडले, पलीकडे काळा ताज बांधणार होता, हेच ऐकायला पैसे द्यायचे? दोन्हीला काडीचा पुरावा नाही. ताजसमोर यमुनेपलीकडे मेहताब बाग आहे, तिथे उत्खनन झालं तेव्हा काळ्या ताजचा पाया नाही, बाग आणि हौद निघाला.

बखरबहाद्दर

@घरचा_अभ्यास थापा मारणारे आहेत हे मान्य, पण चांगला गाइड म्हणजे तारखा सांगणारा नाही, कुठे उभं राहायचं ते सांगणारा. ताजच्या दरवाज्यावरची अक्षरं वरपर्यंत सारख्याच आकाराची दिसतात, कारण वरची मुद्दाम मोठी काढलीत. हे वाचून कळतं, पण नेमकं कुठून बघायचं ते माणूस सांगतो.

ठाणेकरीण, तुमच्या बाबांसाठी मात्र मी वेगळं सांगतो. मराठी माणसाने ही ट्रिप ताजमहालाभोवती नाही तर १६६६ भोवती लावावी. आग्र्याच्या किल्ल्यात अमरसिंह दरवाज्याने शिरतात, बाहेरच महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, सगळे तिथे फोटो काढतात आणि आत जाऊन घाईघाईत खिडकीतून ताज बघून परत येतात. तसं करू नका. दिवाण-ए-खासपाशी बाबांना निवांत बसू द्या. १२ मे १६६६, औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार, महाराज आणि ९ वर्षांचे शंभूराजे. मागच्या रांगेत उभं केलं म्हणून महाराज भर दरबारात भडकले ते इथे. त्या दालनापासून मुसम्मन बुरूज अगदी जवळ आहे, शाहजहान शेवटची आठ वर्षं कैदेत होता तो, आणि तो वारला त्याच वर्षी जानेवारीत. म्हणजे एक कैदी जाऊन चार महिने झाले नाहीत तर दुसऱ्यावर पहारे बसले. महाराज किल्ल्यात कैद नव्हते बरं का, हे गाइड हमखास चुकवतात आणि कुठल्यातरी अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवतात. मुक्काम शहराबाहेर रामसिंहाच्या तळाजवळ होता आणि पहारा फौलादखानाचा.

आता हा रामसिंह कोण, तर मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा. म्हणजे पुरंदरचा तह (१६६५) केलेले मिर्झाराजे, आणि त्यांचं घर म्हणजे जयपूरजवळचं आमेर, जिथे तुम्ही सोमवारी जाणार. आमेरचा दिवाण-ए-आम आणि शीशमहाल त्यांच्याच काळातले. महाराज आग्र्यात असताना रोज काय घडतंय ते रामसिंहाची माणसं आमेरला लिहून कळवत होती, ती राजस्थानी पत्रं जयपूरच्या दफ्तरात टिकली म्हणून आज आपल्याला तो दरबार एवढ्या तपशिलात माहीत आहे. आमेरच्या गाइडला विचारा, तो बहुतेक सवाई जयसिंहाचं सांगेल. तो वेगळा, नंतरचा, त्याने १७२७ ला जयपूर वसवलं आणि जंतरमंतर बांधलं. दोघांची खिचडी रोज होते.

दिल्लीत लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासमध्ये गाइड हमखास म्हणेल की यहाँ चाँदी की छत थी, मराठे ले गये. बाबा चिडतील, पण ते खरं आहे. १७६० मध्ये भाऊसाहेबांनी ती काढून नाणी पाडली, कारण फौजेला पगार द्यायला पैसा नव्हता. पुढे सहा महिन्यांत पानिपत. हे पुढचं गाइड सांगत नाही, ते बाबांनी सांगावं.

आणि वेळ उरला तर (उरत नाही, तरी) आग्र्याच्या जुन्या रोमन कॅथलिक कब्रस्तानात जा. तिथे लाल दगडाचा छोटा ताजमहाल आहे, खरंच, घुमटासकट. जॉन हेसिंग नावाचा डच, शिंद्यांच्या नोकरीत होता, आग्र्याचा किल्ला सांभाळायचा. १८०३ ला वारला, बायकोने ही कबर बांधली. त्याच वर्षी इंग्रजांनी शिंद्यांकडून आग्रा घेतला. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेला सगळे बघतात, बायकोने बांधलेला आम्ही गेलो तेव्हा आम्ही तिघं आणि एक कुत्रं.

ठाणेकरीण

बापरे, शुक्रवारचं लक्षातच नव्हतं. एजंटला फोन केला तर म्हणतो 'हां मॅडम वो अ‍ॅडजस्ट हो जायेगा'. ताज काय अ‍ॅडजस्ट करणार आहे हा? दुसरीकडून नुसती गाडी बुक केली. @बखरबहाद्दर तुमची पोस्ट बाबांनी मोठा फॉन्ट करून प्रिंट काढून घेतलीये. आईच्या गुडघ्यांचं सांगा कुणीतरी, कुठे किती चढण आहे?

मुक्काम_पोस्ट_दिल्ली

ताजला पार्किंगपासून बॅटरीची गाडी मिळते, आत सपाट आहे, फक्त चौथऱ्याच्या पायऱ्या. आईंना नको असेल तर त्यांचे २०० वाचवा, बागेतल्या बाकावरून ताज जास्त चांगला दिसतो. आग्र्याच्या किल्ल्यात शिरताना लांब फरसबंद चढ आहे, पायऱ्या नाहीत पण दम लागतो. सिक्रीला बुलंद दरवाज्याच्या पायऱ्यांनी मुळीच चढू नका, बादशाही दरवाज्याने जा, तिकडे कमी आहेत. बुलंद दरवाजा आतून बघितला तरी चालतो, आणि दर्ग्यात चादर-धागा घ्या म्हणून मागे लागतात तिथे एकानेच ठामपणे नाही म्हणायचं, आठ जणांनी आठ वेळा नाही. आमेरला जीप मिळते वरपर्यंत. हत्ती नको, बिचाऱ्यांची दया येते.

नाशिकची_मावशी

आईंना आभानेरीची काळजी नको, ३५०० पायऱ्या आहेत म्हणतात पण आता खाली उतरूच देत नाहीत, कठड्यावरून बघायचं. आणि ताजमध्ये खाऊ नेऊ देत नाहीत, डबे गाडीतच ठेवा.

ठाणेकरीण

परत आलो!! थोडक्यात लिहिते, कपडे अजून मशीनमध्ये आहेत.

गाइड फक्त दोन ठिकाणी घेतला, ताज-आग्रा किल्ला एक आणि आमेर एक. दुकानाचं वाक्य बोलल्यावर पहिले दोन खरंच निघून गेले. तिसरा साठीचा गृहस्थ, म्हणाला दुकान नहीं जाना तो मेरा भी टाइम बचेगा. किल्ल्यात त्याने त्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलंच, बाबांनी खिशातून प्रिंट काढला, मग दोघं दिवाण-ए-खाससमोर अर्धा तास हिंदी-मराठीत वाद घालत बसले आणि शेवटी त्याने प्रिंटचा फोटो काढून घेतला. जाताना बाबांच्या पाया पडला, आम्हाला वाटलं टिपसाठी, पण टिप आधीच दिली होती.

ताजला धुकं साडेअकराला उठलं. तोवर आई बाकावर बसून होती, तिला चौथऱ्यावर जायचंच नव्हतं. आम्ही आत जाऊन आलो, प्लास्टिकची बूट-कव्हरं घालून, आत काळोख आणि आवाज घुमतो एवढंच आठवतंय. बाहेर आलो तर म्हणते तुम्हाला काही दिसलं का, मला सगळं दिसलं.

टॉर्चचं फूल सापडलं. १० वर्षांच्या भाच्याने इतिमादुद्दौलात सोळा फुलं पेटवली, मोजून, बॅटरी संपेपर्यंत, आणि त्यामुळे मेहताब बागेतल्या सूर्यास्ताचा एकही फोटो आमच्याकडे नाही कारण तो माझा फोन होता. मोठ्याला जंतरमंतरचं सम्राट यंत्र (भलंमोठं सूर्यघड्याळ) आवडलं, सावली हलताना डोळ्यांना दिसते म्हणून हाताची बोटं मध्ये धरून उभा.

लाल ताजमहालाला पोचलो तेव्हा गेट बंद व्हायची वेळ झाली होती, पाच मिनिटं मिळाली. @बखरबहाद्दर कुत्रं अजून आहे.