विमानाच्या कार्बन पार्टची घिसाई: रोबोट की हात?

उद्यमनगरकर:
कास्टिंगच्या जोडीला विमानाचं काँपोझिट (कार्बनचे धागे रेझिन नावाच्या चिकट प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेलं साहित्य) काम घ्यावं, असं कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीत बोलणं चालतं. मी म्हणतो, घ्यायचं तर घिसाईला पहिल्यापासून रोबोटच लावा. बोइंग ७८७ च्या वजनात निम्मं काँपोझिट आहे, एअरबस ए३५० मध्ये त्याहून थोडं जास्त. पार्ट साच्यातून निघाला की त्यावर रिलीज एजंटचा, म्हणजे पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाचा, अंश राहतो. तो पुसून पृष्ठभाग घासल्याशिवाय प्रायमर धरत नाही. दाब मोजणारं हेड लावलेला रोबोट वळणावरही दाब ढळू देत नाही. माणसाचा हात शिफ्ट संपताना सकाळसारखा चालत नाही, हे फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग घासून साफ करताना, आपण रोज बघतोय.

फेटलिंगवाला, कागल:
दादा, नाही पटलं. दाब सारखा ठेवला म्हणजे घासणंही सारखं झालं का? घासायची डिस्क नवी असली की खाते, धुळीनं भरलेली नुसती फिरते. कार्बनचा एक थर ०.१३ ते ०.२ मिलिमीटरचा, तिथं चुकायला जागाच नाही. आपला माणूस धूळ बघतो: पांढुरकी येते तोवर रेझिन, काळी दिसली की हात उचलतो. काही पार्टवर विजेपासून बचावासाठी तांब्याची जाळी अगदी वरच बसवलेली असते. ती चमकली की पार्ट दुरुस्तीला गेला. आणि आपल्याला मिळणार दहा-वीस नगांच्या ऑर्डरी. दर वेळी पार्ट धरायला नवं फिक्श्चर, नवा प्रोग्रॅम. परवडणार कसं?

उद्यमनगरकर:
डिस्क ठराविक क्षेत्र घासून झालं की बदलायची, तेही यंत्रच करतं. पार्ट स्कॅन करून मार्ग काढणारी सॉफ्टवेअरही आहेत.

फेटलिंगवाला, कागल:
स्कॅन आकार दाखवेल. जाळीवर रेझिन किती उरलंय ते कोण दाखवणार?

क्वालिटीवाली:
तुम्ही दोघं पार्टबद्दलच बोलताय. दिवसभर सँडर (घासायचं हातयंत्र) धरणाऱ्याच्या बोटांचं काय? कंपनानं बोटं पांढरी पडतात, बधिर होतात, शर्टाचं बटण लावता येत नाही. कार्बनची धूळ वीजवाहक असते, विजेच्या पॅनेलमध्ये शिरली तर शॉर्ट. म्हणून हातानं करा नाहीतर रोबोटनं, सँडरलाच सक्शन हवं आणि एअर गननं धूळ उडवणं बंद. माझं मत, मोठे मोकळे पृष्ठभाग रोबोटला द्या; कडा आणि भोकांभोवतीचं काम हाताला. तपासणी मात्र दोघांना एकच: पाणी मारायचं, ३० सेकंद पाण्याचा थर अखंड राहिला तर पार्ट पुढे, तुटला तर परत साफसफाईला.

फेटलिंगवाला, कागल:
ताई, बोटांचं मान्य. माझ्याकडची चांगली पोरं त्यापायीच ग्राइंडर सोडून गेली. तरी मी पैसे आधी सक्शनवर आणि कमी कंपनाच्या सँडरवर घालीन. ऑर्डर हातात नसताना रोबोटचं कर्ज डोक्यावर नको.

उद्यमनगरकर:
पण ऑर्डर देणारा प्रोसेसचा पुरावा मागतो. नगागणिक दाब, वेग, डिस्क कधी बदलली, सगळी नोंद रोबोट देतो. 'आमचा माणूस अनुभवी आहे' हे ऑडिटला कसं दाखवणार? एकट्याला झेपत नसेल तर चार-पाच जणांत मिळून रोबोटचा एक सेल (एका जागी बसवलेला पूर्ण सेटअप) टाकूया.

फेटलिंगवाला, कागल:
सेल कोणाच्या शेडमध्ये आणि घाईच्या वेळी पहिला नंबर कोणाच्या पार्टचा, ते आधी कागदावर आणा. मग बसू.