बाजाराच्या दिवशी संध्याकाळी लेकरांसोबत घरी काय करावं? (बजेट 500 रुपये)

कास्तकार_दारव्हा
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे. आमच्या गावचा बाजार गुरुवारी. त्या दिवशी मजूर लवकर सुटतात, मीही दिवेलागणीला घरी असतो. पोरगी दुसरीत, लहाना चार वर्षांचा, सोबत आई. पण थैली रिकामी झाली, शेवचिवडा खाऊन झाला, की आई सिरियलकडे, बायको चुलीकडे अन् ही दोघं माझ्या मोबाइलसाठी भांडतात. आठवड्यातली ही एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून बसायची, एवढंच मनात आहे. बजेट 500, त्याच्या वर नको, कापूस अजून घरातच आहे. रेंज स्लॅबवर गेलं तरच येते. अन् शेतातल्या पंपाची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत गव्हाच्या ओलिताला जावंच लागते. म्हणून मी नसलो तरी चालेल असं सुचवा.

संत्राबाग_वरूड
भाऊ, डोळे मिटून कॅरम घ्या. पण पोट्ट्यांचा छोटा घेऊ नका, वर्षभरात फुगते. मी अमरावतीहून मोठा आणला, 2800 पडले, जाड प्लाय, सागाची चौकट. आमच्या घरी गुरुवार-शुक्रवार काही नाही, रोज रात्री डाव असते. शेजारचे येऊन बसतात.

मास्तरीण_मेहकर
चार वर्षांच्या लेकरासमोर कॅरम मांडणार असाल तर बोरिक पावडर हाताला लागू देऊ नका. पोटात गेली तर विषारी आहे. पांढरी दिसते म्हणून लेकरं चाटतात.
त्यापेक्षा अष्टाचंग. फरशीवर खडूनं पाच गुणिले पाच अशी 25 घरं आखा. दोन चिंचोके घेऊन ओल्या दगडावर घासा, मधोमध फुटले की चार फाका होतात, एक बाजू काळी, एक पांढरी. चारही पांढऱ्या पडल्या तर चंग, म्हणजे 4. चारही काळ्या तर अष्टा, 8, अन् दोन्हीला परत दान. सोंगट्या म्हणून हरभरा, तूर, बांगडीचे तुकडे काहीही चालतं. खर्च शून्य. माझ्या वर्गातली पोरं यावरच पाढे मोजायला शिकली.

पुण्यातला_वऱ्हाडी
छोटा प्रोजेक्टर घ्या. आठ-नऊ हजारांत चांगला येतो. मी घेतला, भिंतीवर टाकला की घराचं थिएटर होतं. शनिवारी आम्ही सगळे पांघरुणं घेऊन बसतो.

कास्तकार_दारव्हा
दादा, बजेट 500 लिहिलं आहे. अन् स्क्रीनच बंद करायची आहे.

सौरवाला_पुसद
मूळ दुखणं कोणी पाहूनच नाही राहिलं. रात्रीचं ओलीत बंद करा! मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत अर्ज टाका. सर्वसाधारण शेतकऱ्याला 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातीला 5 टक्के हिस्सा भरावा लागते. दिवसा पाणी, रात्र घरी. माझ्याकडं बसला तेव्हापासून मी रात्री बांधावर गेलो नाही.

खारपाण_दर्यापूर
तुमचं बरं हाय भाऊ, पाणी तरी गोडं हाय. आमच्या इथं जमिनीतलं पाणीच खारं, पंप सोलरचा असो नाही तं लाइटीचा, पिकाले काय द्याचं? आमच्या रात्री मोकळ्याच असतात, पैसा नसते.

सौरवाला_पुसद
शेततळं करा मग.

खारपाण_दर्यापूर
शेततळ्याचं मले शिकवू नका.

माहेर_मूर्तिजापूर
अहो, धागा लेकरांचा आहे! भाऊ, आमच्याकडं भुलाबाईच्या सणात डब्यात खाऊ झाकून आणतात, डबा कानाशी हलवायचा अन् आत काय ते ओळखायचं. कोजागिरी झाली तरी आम्ही ते सोडलं नाही. बाजारातून आणलेला खाऊ आईंच्या हाती द्या, डबा आईंनीच बंद करायचा. "गोड की खारं? भाजलेलं की तळलेलं?" असं विचारत पोरं तासभर रमतात. मुरमुरे अन् फुटाणे यांचा आवाज वेगळा असतो, माझ्या लहान्याला तो झोपेतही ओळखू येतो. तुम्ही नसले तरी चालते.
अन् वहिनी चुलीकडे असं लिहिलं, त्यांची संध्याकाळ कधी? गुरुवारी सयपाक दुपारीच करून ठेवा, किंवा खिचडी.

झाडीपट्टी_सिंदेवाही
आमच्याकडं सांज झाली की पोरांना अंगणात सोडता येत नाही, वाघ शिवेपर्यंत येते. तुम्हाला अंगण आहे, तर घरात कोंडून काऊन बसता? गवऱ्या पेटवा, पळसाच्या पानात कणकेचे पानगे लावा, वांग्याची भाजी करा. निखारे विझेपर्यंत गोष्टी.

आकाशवेडा_परतवाडा
पानगे ठीक, पण अंगणात आहातच तर वर पाहा. माझ्याकडं 11 हजारांची दुर्बीण आहे, गुरूचे चार चंद्र दिसतात. तुम्हाला तिची गरज नाही. हिवाळ्यात संध्याकाळी मृग नक्षत्र दिसते: पूर्वेकडे एका रेषेत तीन तारे दिसले की तो मृगाच्या पोटातला बाण. वायव्येला इंग्रजी एमसारखी दिसणारी ताऱ्यांची शर्मिष्ठा. ध्रुव शोधायचा तर उत्तरेला तोंड करून हात लांब करा, मूठ आडवी धरा. क्षितिजापासून मुठीवर मूठ, दोन मुठी झाल्या की तिथंच ध्रुव. एक मूठ साधारण 10 अंश, अन् आपला विदर्भ 20-21 अंशांवर, म्हणून जमते. लेकरांनी मोठ्याची मूठ मोजायची गरज नाही, त्यांची मूठ लहान तसा हातही आखूड असतो. सप्तर्षी संध्याकाळी पाहायचे तर एप्रिल-मेपर्यंत थांबा.
बाजेवर बसवा, खाली नको. अन् उन्हाळा-पावसाळ्यात बॅटरीशिवाय पाऊल टाकू देऊ नका.

निवृत्त_गुरुजी
वाचन. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघते, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. स्लॅबवर चढून एकदाच उतरवून घ्या, तालुक्याला छापून आणा. पोरगी वाचेल, लहाना ऐकेल.

नवीन_सदस्य
वरचं सगळं वाचलं नाही. कॅरम घ्या, बेस्ट.

संत्राबाग_वरूड
तेच म्हणतो मी. आणि मोठाच घ्या.

कास्तकार_दारव्हा
सगळ्यांचे आभार. ठरलं ते वेगळंच. परवाच्या बाजारात भंगारवाल्याकडं लोखंडी तराजू दिसला, दोन पारडी, साखळी शाबूत, 180 रुपयांत मिळाला. आता गुरुवारी आमच्या ओसरीत बाजार भरते. तुरीच्या ओल्या शेंगा, वांगे, सांभार (कोथिंबीर), जे आणलं तेच मांडून पोरगी विकते, लहाना गिऱ्हाईक. वजनाला नदीतले गोटे, किराणा दुकानात खरे तोलून त्यांवर खडूनं 100, 200 लिहिलं. आई घासाघीस करते, "मागच्या हप्त्यात दहाले दिलं होतं" म्हणून पोरीशी वाद घालते, सिरियल चालू राहते अन् कोणी पाहत नाही. विकून झाल्या की शेंगा मीठ टाकून उकडतो, ते काम आता माझं, बायको बसून खाते. मी ओलिताला गेलो त्या गुरुवारीही बाजार भरला, फक्त शेंगा आईनं उकडल्या. उरलेल्या पैशाचं सध्या काही घेत नाही. डबा हलवायचं मात्र उचललं, मूर्तिजापूरच्या ताई.

पुण्यातला_वऱ्हाडी
प्रोजेक्टर सेलमध्ये आहे, लिंक देऊ का?

मास्तरीण_मेहकर
भाऊ, जुना तराजू आहे तर आधी रिकामा उचलून पाहा. एका बाजूला कलत असेल तर वर गेलेल्या पारड्याला पासंग बांधा, एखादा खडा चिंधीत गुंडाळून. पोरीलाच बांधू द्या.